आयत्या वेळची ओरलँडो वारी

(मंडळाच्या गणेशोत्सवातील ‘अनुभव’ या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर, थोडाफार वाढवून)



कार्यकारिणीकडून फोन आला की तुझ्या त्या डिस्नेच्या ट्रिपबद्दल पंधरा मिनिटं बोल, तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. म्हटलं, या हॉलमध्ये डिस्नेला न गेलेलं घर शोधून सापडायचं नाही. काही जण तर इतक्यांदा गेलेत की मिकी माउस त्यांची ख्यालीखुशाली विचारत असेल! मग कळलं की मला बोलवायचं कारण वेगळंच आहे. दहा दिवसांत सगळं ठरवून, सत्तरीच्या आईला आणि दोन मुलांना घेऊन, ऐन ऑगस्टच्या उकाड्यात आणि तेही श्रावणात जाऊन आलेला शहाणा मंडळात मी एकटाच निघालो. तेव्हा आजचं बोलणं म्हणजे अर्धं मार्गदर्शन आणि अर्धा कबुलीजबाब समजा.

मी आय.टी. कन्सल्टंट आहे. म्हणजे प्रकल्प वेळेवर कसा पुरा करावा, हे दुसऱ्यांना सांगायचे मी पैसे घेतो. घरचे प्रकल्प मात्र कायम ‘पुढच्या वर्षी’वर ढकललेले. आणि या ‘पुढच्या वर्षी’चीच गोष्ट आधी सांगायला हवी.

२०१८ साली आई-अण्णा पहिल्यांदा इकडे नॉर्थ कॅरोलायनात आले. आमचा मुलगा तेव्हा तीन वर्षांच्या आतला होता. डिस्नेत तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, त्यामुळे ‘आत्ताच जाऊन येऊ’ असा माझा हिशेब. अण्णांना मिकीचं फारसं कौतुक नव्हतं. त्यांनी साताऱ्याला शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेलं. त्यांना बघायचं होतं केनेडी स्पेस सेंटर. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरल्याची बातमी त्यांनी शेजारच्यांच्या रेडिओवर ऐकली होती, आणि ते यान जिथून सुटलं ती जागा ओरलँडोपासून तासाभराच्या रस्त्यावर आहे हे त्यांनी साताऱ्यातच नकाशात पाहून ठेवलं होतं. पण नेमकं त्याच आठवड्यात क्लायंटचं गो-लाइव्ह पुढे सरकलं. मी म्हटलं, "अण्णा, पुढच्या वर्षी नक्की." ते म्हणाले, "असू दे रे, काम महत्त्वाचं." पुढच्या वर्षी जमलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी कोविड आला. आणि २०२३ मध्ये अण्णा गेले.

२०२५ च्या उन्हाळ्यात आई एकटी आली. जून गेला, जुलै गेला. परतीचं तिकीट २० ऑगस्टचं. ३० जुलैला रात्री जेवताना बायको सहज म्हणाली, "आईंना आपण या खेपेला कुठे नेलंच नाही." मी तोंड उघडलं आणि माझ्याच तोंडून शब्द आले, "पुढच्या वेळी..." बायकोनं नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉप उघडला.

आता मार्गदर्शनाचा भाग.

आयत्या वेळी निघणाऱ्याला पहिली भीती असते की आता काहीच मिळणार नाही. ती बरीचशी खोटी आहे. पहिलं म्हणजे गर्दी. फ्लोरिडातल्या बहुतेक शाळा १० ऑगस्टच्या आसपास सुरू होतात, जॉर्जियातल्या काही त्याच्याही आधी. आपल्या इथल्या नेहमीच्या वेळापत्रकाच्या शाळा ऑगस्टच्या शेवटाला. म्हणजे मधले दोन आठवडे आपली मुलं मोकळी आणि तिकडची वर्गात! जून-जुलैच्या मानानं गर्दी कमी आणि राहण्याच्या जागाही मिळतात. आम्हाला किसिमीजवळ दोन बेडरूमचं, स्वयंपाकघरासकट घर आठ दिवस आधी मिळालं. आई बरोबर असताना स्वयंपाकघर हवंच.

दुसरं म्हणजे तिकीट. डिस्नेच्या तिकिटाची किंमत तारखेप्रमाणे बदलते आणि जितके दिवस जास्त तितका एका दिवसाचा भाव उतरतो. आम्ही तीन दिवसांचं घेतलं. ते पाच दिवसांत कधीही वापरता येतं, म्हणजे मध्ये विश्रांतीचा दिवस ठेवता येतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. दहा वर्षं पुरी झाली की मूल तिकिटापुरतं मोठं माणूस होतं. आमच्या चिरंजीवांचा दहावा वाढदिवस सप्टेंबरात, त्यामुळे आम्ही थोडक्यात वाचलो! आणि एक कानमंत्र: कुणाचे ‘उरलेले दोन दिवस’ स्वस्तात मिळतायत म्हणून घेऊ नका. वापरायला सुरुवात झालेलं तिकीट दुसऱ्याला चालत नाही. दारात बोटाचा ठसा घेतात.

तिसरं, रांगा. पूर्वीचा फुकटचा फास्टपास विसरा. तो २०२० मध्ये बंद पडला तो परत आला नाही. २०२१ च्या ऑक्टोबरपासून पैसे भरून ‘लाइटनिंग लेन’ घ्यावी लागते. आम्ही गेलो तेव्हा नियम असा होता की डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांनी सात दिवस आधी आणि बाहेर राहणाऱ्यांनी तीन दिवस आधी सकाळी सातला राइड निवडायच्या. गंमत बघा, वर्षभर आधी ठरवणाऱ्यालाही बाहेर राहायचं असेल तर तीनच दिवस आधी दार उघडतं. म्हणजे या बाबतीत आयत्या वेळचा माणूस मागे पडत नाही. नावाजलेल्या हॉटेलांतली जेवणाची टेबलं मात्र साठ दिवस आधीपासून जातात. ती आमच्या हातून गेलीच होती. पण ज्यांच्याबरोबर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आहे त्यांना टेबलाची काय पर्वा? बाहेरचं खाणं आत नेऊ देतात, फक्त काचेची भांडी चालत नाहीत.

चौथं, उंची. निघण्याआधी पोरांना भिंतीशी उभं करून मोजा. सेव्हन ड्वार्फ्सच्या गाडीला ३८ इंच लागतात, टियानाच्या पाण्यातल्या राइडला ४०, स्पेस माउंटन आणि एक्स्पिडिशन एव्हरेस्टला ४४. आमची धाकटी ३९ इंच. एका इंचासाठी रडारड झाली, पण ती घरच्या भिंतीशी झाली, तिथे रांगेच्या तोंडाशी नाही.

हे सगळं मी एक्सेलमध्ये बसवलं. पंधरा-पंधरा मिनिटांचे खण, प्रत्येक माणसाला एक रकाना, प्रत्येक राइडला रंग. बायको म्हणाली, "यात बाथरूमला जायला वेळ आहे का?" मी हसलो. हसायला नको होतं.

शनिवारी ९ तारखेला नारळी पौर्णिमा. सकाळी राख्या बांधून, नारळीभात खाऊन निघालो. आय-९५ ला लागलो. साउथ कॅरोलायनाची हद्द यायच्या कितीतरी आधीपासून ‘साउथ ऑफ द बॉर्डर’च्या पाट्या सुरू होतात, त्या मुलांनी मोठ्यानं वाचल्या. साधारण सहाशे मैलांचा रस्ता. आईच्या गुडघ्यासाठी सव्हॅनाला रात्रीचा मुक्काम केला. इथवर सगळं तक्त्याप्रमाणे.

सोमवारी अॅनिमल किंगडम. आणि तिथे कळलं की माझ्या एक्सेलमध्ये सगळं होतं, कालनिर्णय नव्हतं. तो दिवस श्रावणी सोमवार होता. आईचा उपास.

एव्हरेस्टची राइड ज्या भागात आहे त्याला डिस्नेनं ‘आनंदपूर’ असं नाव दिलंय. कल्पनेतलंच राज्य, पण भिंतींचे पोपडे, पताका, जुनाट देवळं, वाघ, सगळं आपल्याकडचं वाटावं असं. आई बघतच राहिली. म्हणाली, "अरे, एवढ्या लांब आणून मला गावातच आणलंस की!" तिथल्याच एका बाकावर सावली बघून ती बसली. "तुम्ही या जाऊन. मी मजेत आहे."

मी आणि मुलगा पँडोराच्या बाजूला ‘फ्लाइट ऑफ पॅसेज’च्या रांगेत. बायको धाकटीला घेऊन ‘लायन किंग’च्या खेळाला. साबुदाण्याच्या खिचडीचा डबा आणि पाण्याची बाटली बायकोकडच्या स्ट्रोलरला लटकलेली. आईच्या फोनमध्ये इथलं सिमकार्ड नाही. आणि दुपारी अडीचला आभाळ फाटलं.

ज्यांनी ऑगस्टमध्ये ओरलँडो पाहिलंय त्यांना सांगायला नको. सकाळी ९२-९३ डिग्री, दमट, आणि दुपार झाली की ढग, विजा, धो धो पाऊस. तो जवळजवळ रोजचाच. विजा चमकल्या की बाहेरच्या राइड बंद होतात आणि सगळी गर्दी एकदम छपरांकडे धावते. आम्ही बापलेक बाहेर आलो आणि त्या गर्दीतून उलटे पळत बाकापाशी गेलो. बाक रिकामा.

मंडळी, वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत माझ्या डोक्यात काय काय आलं ते मी इथे सांगत नाही. मुलगा "आजीऽ, आजीऽ" ओरडत होता आणि पावसात त्याचा आवाज त्याला स्वतःलाही ऐकू येत नव्हता. शेवटी एका दुकानाच्या पागोळ्यांखाली, आतून आणून दिलेल्या खुर्चीवर आई दिसली. तिथे काम करणाऱ्या एका बाईंनी तिला बर्फाचं पाणी दिलं होतं आणि त्या तिच्या शेजारी उभ्या होत्या.

"काही नाही रे, जरा गरगरलं," आई म्हणाली.

"पाणी का नाही प्यायलीस सकाळपासून?"

"पाणी प्यायलं की उठावं लागतं. मी उठले आणि तुम्ही तेवढ्यात आलात, तर मला कुठे शोधाल?"

यावर मला काही बोलता आलं नाही.

संध्याकाळी खोलीवर आई झोपल्यावर बायकोनं माझा तक्ता मागितला. तिनं फक्त आईचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचला. त्यात तीन दिवसांत मिळून सात ठिकाणी एकच शब्द होता: ‘बसेल’. "हे तू लिहिलंस," ती म्हणाली. रागावून नाही, तसंच साधं. मी जन्मभर लोकांना शिकवत आलो की सिस्टिम कुणासाठी बांधायची ते आधी विचारा. आणि ज्या माणसासाठी ही सगळी धावपळ केली, त्याला मी विचारलंच नव्हतं.

रात्री चहा करून सगळ्यांना बसवलं. प्रत्येकाला एकच प्रश्न: उद्या एकच गोष्ट होणार असेल, तर कुठली? मुलगा म्हणाला, स्पेस माउंटन. धाकटी म्हणाली, सात बुटक्यांची गाडी. बायको म्हणाली, "एक कप गरम कॉफी, आणि ती संपेपर्यंत मला कुणी हाक मारायची नाही." आई म्हणाली, "उद्या अंगारकी आहे. चंद्र दिसला की झालं माझं."

पाच माणसं, चार गोष्टी. मला काहीच नको होतं. तक्ता तिथेच बंद केला.

मंगळवारी मॅजिक किंगडम. दारातच व्हीलचेअर भाड्यानं मिळते. आई म्हणाली, "मी काय आजारी आहे का? लोक काय म्हणतील?" मी समजावलं, बायकोनं समजावलं, उपयोग शून्य. शेवटी धाकटी आपल्या स्ट्रोलरमधून म्हणाली, "आजी, मला पण गाडी आहे. तुझी तर माझ्यापेक्षा मोठी आहे!" आई हसली आणि बसली. ढकलायचं काम मुलानं मागून घेतलं. बहुतेक रांगा आता व्हीलचेअर जाईल इतक्या रुंद आहेत.

सकाळी लवकर स्पेस माउंटन. तिथे ‘रायडर स्विच’ नावाची सोय आहे, ती जरूर विचारा. मूल लहान म्हणून एकजण बाहेर थांबला, तर नंतर दुसऱ्याला पूर्ण रांग पुन्हा लावावी लागत नाही. आधी मी आणि मुलगा, मग बायको आणि पुन्हा मुलगा! मग सात बुटके. धाकटी उतरली ती "अगेन!" म्हणतच. आई बसली ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’मध्ये आणि ‘कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस’मध्ये. दोन्ही मुळात १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी केलेले, म्हणजे आईच्या शाळेच्या दिवसांतले. एक वाजता बाहेर पडलो. खोलीवर वरण-भात, आईला खिचडी, झोप. पाऊस पडला तेव्हा आम्ही घोरत होतो. बायकोला कॉफी मिळाली. मी दोन्ही मुलांना घेऊन अंगणातल्या पावसात उभा राहिलो, पण हाक मारू दिली नाही.

सहा वाजता परत गेलो. रात्रीची दिव्यांची मिरवणूक पाहिली, ती त्या जुलैतच नव्यानं सुरू झाली होती. मग किल्ल्यावरची आतषबाजी. आईचं लक्ष मात्र घड्याळाकडे. कालनिर्णयातली चंद्रोदयाची वेळ इथे उपयोगाची नाही, म्हणून मी ओरलँडोची बघून ठेवली होती: दहाच्या आसपास. आकाशात ढग होतेच.

फेरीबोटीनं तलाव ओलांडून पार्किंगकडे निघालो. साडेदहा वाजले असतील. ढग जरा बाजूला झाले आणि झाडांच्या वर तांबूस, एका बाजूनं झिजलेला चंद्र दिसला. आईनं व्हीलचेअर थांबवायला सांगितली, उठून उभी राहिली. पार्किंगच्या कडेला गवत होतं, तिथे बाटलीतल्या पाण्यानं अर्घ्य दिलं. डब्यात बायकोनं दुपारी तळलेले मोदक होते. इकडे हजारो माणसं आपापल्या गाड्या शोधतायत आणि आम्ही पाच जण डबा उघडून उभे.

मोदक खाता खाता आई म्हणाली, "ह्यांना बघायची होती ना ती चंद्रावर गेल्याची जागा? ती इथून जवळच म्हणायचे."

दोन वर्षं हा विषय आमच्या घरात कुणी काढला नव्हता. आई बोलली नव्हती आणि मीही मुद्दाम टाळला होता. तक्त्यातसुद्धा ते नाव नव्हतं. मी म्हटलं, "आई, उद्याचा दिवस रिकामाच आहे."

बुधवारी गेलो. तिथे बसनं एका मोठ्या इमारतीत नेतात. आत खरं सॅटर्न रॉकेट आडवं टांगलंय, ३६३ फूट लांब. तसल्याच रॉकेटनं १९६९ च्या जुलैत ती तीन माणसं चंद्राकडे गेली. आई त्याच्या खालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली. व्हीलचेअर नको म्हणाली. मध्ये दोनदा थांबली, पण चालली. शेवटाला जाऊन वर बघत म्हणाली, "खरंच एवढं मोठं आहे? हे सांगायचे तेव्हा मला वाटायचं, मुलांना सांगतात तसं वाढवून सांगतायत."

मुलानं विचारलं, "आजोबांनी हे पाहिलं होतं?"

"नाही," मी म्हटलं. "पण त्यांना सगळं माहीत होतं."

गुरुवारी एपकॉटही झालं, अकरा देशांना प्रदक्षिणा झाली. ते छानच आहे, पण त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

तर मंडळी, हातात काहीतरी घेऊन जावं म्हणून माझे चार नियम. एक, राइड मोजण्याआधी माणसं मोजा आणि प्रत्येकाला एकच गोष्ट विचारा, म्हाताऱ्या माणसाला आधी. दोन, कुणाच्याही रकान्यात ‘बसेल’ असं लिहावं लागत असेल तर तक्ता चुकलाय. ज्याला सगळ्यात हळू चालावं लागतं त्याच्या वेगानं दिवस आखा. तीन, प्रत्येकाच्या हातात पाणी आणि चालू असलेला फोन. भारतातून आलेल्या आई-वडिलांना इथलं सिमकार्ड पहिल्याच दिवशी घेऊन द्या, त्याला काही फार पडत नाही. चार, एक दिवस रिकामा ठेवा. आमच्या धंद्यात त्याला बफर म्हणतात आणि क्लायंट तो आधी कापायला सांगतो. तुम्ही कापू नका. आमच्या सहलीतला सगळ्यात चांगला दिवस त्या रिकाम्या खणातच आला.

आणि नियमात न बसणारी एक गोष्ट. दहा दिवसांत ठरवलेल्या सहलीत चुका होतातच. आमच्याही झाल्या, आणि एक तर महागात पडता पडता राहिली. पण २०१८ ची माझी सहल अगदी बिनचूक आखलेली होती. तिचा तक्ता अजून माझ्या जुन्या लॅपटॉपवर आहे.

या हॉलमध्ये आज बऱ्याच जणांचे आई-वडील बसलेत. परतीची तिकिटं कुणाची पुढच्या महिन्यातली, कुणाची दिवाळीनंतरची. घरी गेल्यावर त्यांना विचारा, कुठे जायचंय. ते म्हणतील, "कुठे नाही, आम्ही मजेत आहोत." तेव्हा पुन्हा एकदा विचारा.